खुणेचे मासे

आमच्या घरात मासा कुणी खात नव्हतं, पण घर मात्र माशांवर चाललं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मत्स्यखात्यात होते. आईचं माहेर नगरचं, तिकडे सगळे मास्तर नाहीतर कारकून. जावई काय करतात असं कुणी विचारलं की आजोबा 'सरकारात आहेत' एवढंच सांगायचे आणि विषय पाण्यापावसावर न्यायचे. अण्णांना तरी या नोकरीची हौस कुठे होती? जागा निघाली, अर्ज केला, मिळाली. पण एकदा पाण्यात पाय घातल्यावर त्यांना ते काम मनापासून आवडलं. आईला मात्र इतक्या वर्षांत तो वास अंगवळणी पडला नाही. अण्णा तळ्यावरून आले की त्यांनी मागच्या दाराशी थांबायचं, दगडावर शिकेकाईनं हात धुवायचे, लिंबाची फोड चोळायची आणि मग ते हात आईपुढे धरायचे. आई वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून एकदा." अण्णा निमूटपणे पुन्हा धुवायचे. माझ्या लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे हात दाखवून घरात येतात.

त्या वेळी आमचा मुक्काम शेवगावच्या पूर्वेला एका गावात होता. गावाबाहेर तळं, तळ्याच्या बांधाखाली आमची पत्र्याची दोन खोल्यांची सरकारी जागा. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या दुष्काळात तळं आटून कोपऱ्यात फक्त एक डोह उरला होता आणि बाकी सगळ्या उघड्या तळात पंचक्रोशीतली जनावरं आणून बांधली होती. मेंढरंसुद्धा तिथंच बसायची. मग पाऊस झाला, तळं भरलं, आणि महिनोन्‌महिन्यांचं ते शेणमूत, लेंड्या, कडबा सगळं पाण्याखाली गेलं. पाणी जे हिरवं झालं ते हिरवंच राहिलं. हात बुडवला तर मनगटापुढचा हात दिसत नसे. खोली म्हणाल तर काहीच नाही, मोठ्या परातीत पाणी ओतावं तसं ते पसरलं होतं. डोह सोडला तर कुठंही उभं राहा, पाणी कमरेच्या वर येत नसे. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. नगरला मामाकडे राहून कॉलेज करायचं ठरलं होतं, पण दुष्काळात मामाच्या घरी आधीच माणसं फार झाली होती, तेव्हा एक वर्ष थांब, असं मला सांगण्यात आलं. मी थांबले, रुसून थांबले. आता वाटतं, ते वर्ष फुकट गेलं असं मी इतक्या जणांना सांगितलं ते उगाचच.

घरात अजून मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी चालू होती. ती थापताना फाटायची आणि खाताना घशाला लागायची. आई ती दुमडायला कंटाळायची आणि तव्यातच तुकडे करून द्यायची. पण हुलगे मात्र त्या वर्षी चांगले पिकले होते, म्हणून एक दिवसाआड शेंगोळे व्हायचे. लसणाचा तो उग्र वास घरभर पसरला की अण्णा म्हणायचे, "हा वास चालतो तुला, आणि माझ्या हातांचा चालत नाही!" आई त्यांच्या ताटात एक पळी जास्त वाढायची. सकाळी उजाडायच्या सुमाराला तळ्यावरून एक आवाज यायचा. पुक, पुक, पुक. हजारो तोंडं पाण्याच्या वर येऊन हवा घ्यायची. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाबरले होते. अण्णांनी मला काठावर नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "हे जे हिरवं आहे ना, ते दिवसा पाण्याला हवा देतं आणि रात्री तीच हवा स्वतः खातं. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. ऊन आलं की पुन्हा ठीक होतात." काही वेळा ठीक व्हायचे नाहीत. मग काठाला बोटभर चिलापी पांढरी पोटं वर करून पडलेली दिसायची आणि बगळ्यांची चंगळ व्हायची.

ही चिलापी आमच्या खात्यानंच कधीतरी आणून सोडलेली. दुष्काळात डोहात तगली आणि पाणी आल्यावर अशी वाढली की विचारू नका. वाढली म्हणजे संख्येनं, अंगानं नाही. बोटाएवढी मादी, आणि तिच्या तोंडात पिल्लं! मी स्वतः पाहिलंय, पाण्यावर टाळी वाजवली की ती टाचणीएवढी पिल्लं भराभर आईच्या तोंडात शिरायची. अण्णांना त्यांची काळजी नव्हती. काळजी होती ती त्यांनी पावसाळ्यात सोडलेल्या कटला, रोहू आणि मृगळ यांच्या पिल्लांची. ती या गर्दीत जगली का, किती जगली, अंग धरतात का? जिल्ह्याच्या साहेबांचं मत झालं होतं की हे तळं आता कुजलं, यात पैदाशीचे मासे टिकणार नाहीत, पुढच्या वर्षी इथं एक पिल्लूही द्यायचं नाही. अण्णांना हे पटत नव्हतं. ते म्हणायचे, "पाणी श्रीमंत आहे हो. खायला भरपूर आहे. मोजल्याशिवाय कुजलं कसं म्हणायचं?"

मोजायचं कसं, हे त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसून सांगितलं. ज्वारीची कणगी दाखवून म्हणाले, "समज, हिच्यात किती दाणे आहेत ते मला काढायचंय. सगळे मोजत बसलो तर जन्म जाईल. मग मी काय करीन? मूठभर तूर मोजून घेईन, ज्वारीत मिसळीन, चांगली ढवळीन. मग एक मापटं बाहेर काढायचं. त्यात तुरीचे किती दाणे आले ते पाहायचं. खूप आले तर ज्वारी थोडी. एखादाच आला तर ज्वारी खूप." आई म्हणाली, "आणि ती तूर निवडून कोण देणार?" अण्णा म्हणाले, "तूर नाही गं, मासे. थोडे मासे धरायचे, खूण करायची, पुन्हा सोडायचे. महिन्याभरानं भोई लोक जे धरतील त्यात खुणेचे किती येतात ते बघायचं." पुढे प्राणिशास्त्र शिकले आणि शिकवलं तेव्हा या पद्धतीला मोठं भारदस्त नाव आहे हे कळलं. पण मी वर्गात कायम कणगीच सांगत आले, आणि मुलांना ती लगेच कळते.

खूण म्हणजे पोटाखालचा डावा पर कापायचा. मासे जोडीजोडीनं असलेले हे छोटे पर तोल सांभाळायला वापरतात. एक नसला तरी त्यांचं काही अडत नाही. कात्री आईची, ब्लाउज बेतायची. ती तिनं दिली, आणि देतानाच सांगितलं की परत आणू नका. चार दिवस भोयांना जाळी टाकायला मनाई केली. खात्याचे दोन गडी खात्याचं जाळं घेऊन आले. काम डोहाच्या कोपऱ्यात करायचं ठरलं, कारण तिथं पाणी खोल, कापलेला मासा सोडला तर दमानं सावरतो. त्या कोपऱ्यात काठालगत सात शेंदरी दगड होते, साती आसरांचे. पाण्याच्या त्या देवींना गावातलं कुणी दुखवत नसे. चपला घालून तिकडे जायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत. आई पहिल्या दिवशी आमच्याबरोबर आली. म्हणाली, "त्यांच्या दारात जाऊन सुऱ्याकात्र्या चालवणार, आधी विचारायला नको?" तिनं ओटी भरली, नारळ फोडला, आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. अण्णा घड्याळ बघत होते.

आणि मग माझी हळद. कापलेल्या जागी लावायला जे औषध मागवलं होतं त्याची बाटली एसटीत फुटली होती. जखम कुजली तर मासा जाईल म्हणून अण्णा हळहळत होते. मी म्हणाले, आईच्या पुडीत हळद आहे, ती लावू का? अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लाव. आपल्याला चालते, त्यांनाही चालेल." चार दिवस मी गुडघाभर पाण्यात बसून हेच केलं. अण्णा मासा उलटा धरायचे, कात्री चालवायचे, मी चिमूटभर ओली हळद दाबायची आणि दोन्ही हातांनी हळूच पाण्यात सोडायचा. शे-दीडशे तरी मासे असतील. रोहूचे सोनेरी खवले आणि त्यावर ती हळद, फार छान दिसायचं. मला वाटतं त्या चार दिवसांत मी रुसवा विसरले. समोर बाभळीखाली भोई माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली होती आणि आमच्याकडे बघत होती. कुणी काही विचारलं नाही. अण्णांनीही सांगितलं नाही, आणि मलाही बजावलं, "खुणेचं यांना बोलायचं नाही. कळलं तर मला खूश करायला तेवढेच मासे शोधून आणतील, नाहीतर मासे जास्त आहेत असं दिसावं म्हणून लपवतील. मग हिशेब गेलाच."

महिना गेला. आता भोयांनी धरलेली मासळी तपासायची होती. रोज सकाळी बांधाजवळच्या उतारावर मासळी यायची. मी वही घेऊन बसायची, अण्णा एकेक मासा हातात घेऊन पोट बघायचे, लांबी मोजायचे, काट्याला लावायचे. मासे उत्तम होते. पाठ जाड, पोट भरलेलं. अण्णा दर माशाला "वा!" म्हणायचे. पण डावा पर नसलेला एकही मासा आला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यात नाही. दुसऱ्या आठवड्यात अण्णांचं "वा" बंद झालं. ते वही घेऊन ओसरीवर बसायचे आणि तीच पानं उलटायचे. मला म्हणाले, "एक जरी आला असता तरी काही मांडता आलं असतं. शून्यानं भागायचं कसं, सुमे?" मग ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "सगळे मेले असतील. मीच मारले." त्या दिवशी शेंगोळे केले होते. त्यांनी दोन घास खाल्ले आणि उठले.

तिसऱ्या आठवड्यात जिल्ह्याचे साहेब जीपमधून आले. उतारावर मासळीभोवती सगळी भोई मंडळी उभी होती, त्यांच्यासमोर त्यांनी वही मागितली. वरवर चाळली आणि म्हणाले, "कुलकर्णी, इथं लिहिलंय इतके खुणेचे मासे सोडले. आणि सापडले किती? एकही नाही. मासे सोडले होते, का ओसरीवर बसून वही भरली?" अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते एवढंच म्हणाले, "सोडले होते साहेब." साहेब म्हणाले, "पुढच्या गुरुवारी येतो. एक तरी दाखवा. नाहीतर खोटी नोंद केली असं मला वर लिहावं लागेल. मग चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत तुम्ही घरी." आमची माणसं खोटं बोलत नव्हती असं मी म्हणणार नाही, आई माहेरी पत्र लिहिताना मिलोचा उल्लेखही करत नसे. पण अण्णांच्या वहीत त्यांनी कधी एक माप वाढवून लिहिलं नाही. तेच त्यांचं एकमेव ऐश्वर्य होतं, आणि तेच जायला निघालं होतं. मला साहेबांचा इतका राग आला की जीप गेल्यावर मी तिच्या चाकांच्या खुणा पायानं पुसून टाकल्या.

रागाच्या खाली भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मला वाटत होतं, मासे हळदीनं मेले. कल्पना माझी, हात माझे. दुकानातली हळद, तिच्यात काय मिसळलेलं असेल कुणाला माहीत. अण्णांना अजून ते सुचलं नव्हतं, आणि सुचलं तरी ते मला बोलले नसते, हे जास्त वाईट. तेव्हा मी ठरवलं की काठ शोधायचा. मेलेला मासा कुठंतरी काठाला लागलाच असेल. कुजका, वाळका, कसाही चालेल, डावा पर कापलेला एक सापडला तरी अण्णा खोटे ठरणार नाहीत. मी खोटी ठरले तर ठरले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बांधावरून निघाले आणि बाभळीच्या बाजूनं काठ तपासत डोहाकडे गेले.

आसरांच्या दगडांशी ठकूमावशी पाण्यात उभी होती. नामदेव भोयाची ही बायको, काळीसावळी, उंच, दुष्काळात खडी फोडून हाताला आलेले घट्टे अजून तसेच. नामदेव भोपळे बांधून केलेल्या तरंगत्या सांगडीवरून नुकताच काठाला लागला होता आणि दोघं जाळं मोकळं करत होती. मला नवल वाटलं, कारण मासळी उतरवायची जागा तर पलीकडे बांधाजवळ. मग पाहिलं, ठकूमावशीनं जाळ्यातून एक चांगला हातभर रोहू काढला, उलटा केला, पाहिला, कपाळाला लावला, आणि "जा गं बाय" म्हणून पाण्यात सोडून दिला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. चपलांसकट पाण्यात धावत गेले.

"चपला! चपला काड आदी!" ठकूमावशी माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "आसरांचं पानी हाय त्ये!"

मी चपला काठावर भिरकावल्या. "मावशी, तो मासा का सोडलात?"

"मंग काय करू? आसरांचा हाय त्यो. तुमीच वाह्यलाय न्हवं?"

"आम्ही?"

"आता गं! तुज्या आईनं वटी भरली, नारळ फोडला. तुज्या बापानं खून केली. तू हळद लावून, हात जोडावं तशी सोडत हुतीस. समद्यांनी बघितलं बाभळीखालनं. देवाला सोडल्याल्या वळूला कुनी दावं लावतंय का? तसंच ह्ये. खुनंचा मासा दिसला की इथंच सोडायचा, काठावर न्यायाचा न्हाई, आसं ठरलंय आमचं."

 मी विचारलं, "रोज येतात?"

"येत्यात की. कवा दोन, कवा चार. परवा धा आले. लई ग्वाड झाल्यात, जाडजूड." आणि नामदेवाकडे बघून हसली. "ह्यांच्या तोंडाला पानी सुटतंय, पर हात लावत्याल तर शपथ."

मी तिथंच पाण्यात मटकन बसले आणि रडायला लागले. ठकूमावशी घाबरली, तिला वाटलं मला आसरांनी धरलं. ती माझ्या डोक्यावर पाणी मारायला लागली, तशी मी हसायला लागले आणि ती आणखीच घाबरली. मासे जिवंत होते! हळदीनं कुणी मेलं नव्हतं. इतकं हलकं मला त्यानंतर फार थोड्या वेळा वाटलं. मॅट्रिकच्या निकालाला नाही, लग्न ठरलं तेव्हा तर नाहीच. भिजलेल्या परकरानं धावत मी घरी आले आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग सदरा न घालता, बनियनवरच तळ्याकडे निघाले.

सगळं सुटलं असं मला वाटलं होतं. पण नामदेव अडून बसला. अण्णांनी त्याला उतारावर बसवून सगळं समजावलं, कणगी, तूर, ज्वारी, माप. हे फक्त मोजण्यासाठी होतं, देवाला काही वाहिलेलं नाही, गुरुवारी तेवढा एक मासा इथं काठावर आण. नामदेव मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, तुमचं खरं आसंल. पर वैनींनी नारळ फोडला, त्यो बी खराच न्हवं?"  आणि तो पुढे म्हणाला, "दुस्काळात तळं आटलं तवा आमी समद्यांनी आसरांला बोलून ठिवलं हुतं, पानी द्या, तुमचं तुमाला दिऊ. पानी आलं. आता तुमी त्यांचं केलं, ते आमी कसं काठाव आनायचं? दुसरं काय बी सांगा." खात्याचं जाळं परत गेलं होतं. आणि असतं तरी अण्णांनी या लोकांच्या डोळ्यांदेखत ते तिथं टाकलं नसतं, हे मला माहीत आहे.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई पोळपाट धूत होती. ती मागे न वळता म्हणाली, "मासा साहेबांकडे येत नसेल तर साहेबांनी माशाकडे जावं. त्यात एवढं डोकं धरून काय बसलात?"

गुरुवारी साहेब आले. अण्णांनी नम्रपणे सांगितलं की मासे दाखवतो, पण आपल्याला पाण्यात उतरावं लागेल. साहेबांनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे. ठकूमावशी म्हणाली, "बूट काडा." जिल्ह्याच्या साहेबांना असं कुणी सांगितलं नसेल. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या हिरव्या पाण्यात उतरले. त्यांचे पाय फार गोरे होते, हे मला अजून आठवतं. नामदेवानं आणि आणखी दोघांनी डोहात जाळं फिरवून आणलं आणि पाण्याबाहेर न काढता कडेनं ओढून धरलं. आत नुसती खळबळ. ठकूमावशीनं हात घातला, दोन मासे चाचपून सोडले, तिसरा वर घेतला. डावा पर नव्हता. कापलेली जागा भरून आली होती, नितळ. साहेब वाकले. "नीट धरा, मला बोट लावून बघू द्या," म्हणाले. ठकूमावशीच्या एका हातात जाळं, मासा तडफडतोय, नामदेव लांब. तेवढ्यात आई पुढे झाली. लुगडं खोचून ती केव्हा पाण्यात उतरली ते मी पाहिलंच नव्हतं. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तो रोहू धरला. डोळे मिटून घेतले होते, पण धरला. घट्ट धरला.

साहेबांनी बोट लावून पाहिलं. एक झाला, दुसरा झाला, तिसरा. सगळ्यांचा डावाच पर, सगळ्यांचा सारखाच कापलेला. तरी ते म्हणाले, "हे यांनीच सोडलेत कशावरून? खेकड्यानंही पर खाल्ला असेल." यावर अण्णा काही बोलणार, त्याआधी ठकूमावशी बोलली. "खेकडा हळद लावतो व्हय, साहेब? आमी समदी तितं बसलो हुतो. चार दिस. ह्या वैनींनी नारळ फोडला, ह्या पोरीनं हळद लावली, ह्या साहेबांनी कापलं. शेवटाच्या दिशी उनानं त्यांला भवळ आली, तरी उरल्यालं करूनच घरला गेलं. खोटं म्हनायचं आसंल तर आमा समद्यांला म्हना." मागं उभे असलेले भोई एकदम "व्हय, व्हय" म्हणाले. भोवळीचं अण्णांनी आईला सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगू दिलं नव्हतं.  मग साहेबांनी तिथंच वही मागवली, नामदेवाच्या पाठीवर ठेवली आणि खुणेचे मासे समक्ष पाहिले असं लिहून सही केली. म्हणाले, "बरं, मग आता सांगा, एकूण मासे किती आहेत तळ्यात?"

अण्णा म्हणाले, "आकडा आज सांगता येणार नाही साहेब. पण आहेत. आणि चांगले आहेत."

आकडा पुढे निघाला, कारण त्या दिवसापासून मीच रोज पहाटे वही घेऊन आसरांपाशी अनवाणी बसू लागले. ठकूमावशी मासा कपाळाला लावायची, मी टिपून घ्यायची आणि ती सोडायची. तळ्याला पुढच्या पावसाळ्यात पिल्लंही मिळाली. परवा त्या बाजूला जाणं झालं तेव्हा पाहिलं, बांधावर आता डांबरी रस्ता आहे आणि पाणी अजून हिरवंच आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी साहेब बूट हातात घेऊन जीपकडे गेले, आई हात पुढे धरून काठावर उभी राहिली, आणि अण्णा पाण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हते. ते नामदेवासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नामदेवराव, चूक माझी आहे. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही काहीतरी लबाडी कराल."

नामदेव जाळं गोळा करत होता. त्याला राग आला असता तर मला समजलं असतं. तो म्हणाला, "मोजायसाठी हाय आसं म्हनला आसता, तर मोजून दिलं आसतं, साहेब. त्यात काय."

अण्णांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारून घेतलं. मग आणखी एकदा. मी जवळच होते म्हणून मला दिसलं की ते रडत होते. आणि ठकूमावशीलाही दिसलं असावं, कारण तिनं पदर पुढे केला, आणि माझ्या वडलांनी त्या ओल्या, माशांचा वास येणाऱ्या पदरानं आपलं तोंड पुसलं.